एक नळी कमी

मार्केट यार्डाच्या मागच्या गोदामात
पोत्यांवर पाट टाकून मी यंत्र मांडलं.
पुठ्ठ्याची नळी, नाकाला चिमटा,
पडद्यावर एक रेघ, श्वासाबरोबर चढणारी.
बाहेर पॉलिशचा ड्रम गडगडत होता
आणि उन्हाची तिरीप आत आली ती
आधीच पिवळी होऊन.

सहा सेकंद, मी सांगते. छाती भरून घ्या,
ओठ घट्ट, आता फुंका, फुंका, अजून, अजून...
बायका पदरात हसतात.
जैबुन मुल्ला म्हणते, एवढं तर मी
वल्या सरपणालाबी फुकत न्हाई.

संमतीपत्रावर अंगठे.
शाईचं पॅड निळं, उमटतं ते हिरवं.
एक कागद उजेडात धरून बघितला.
रेषा स्पष्ट होत्या. रंग तेवढा
सरांना समजावून सांगावा लागेल.

प्रश्न सहावा, वय.
"म्हापूर आला तवा थोरली पोटात हुती."
कुठला, पाचचा की एकोणीसचा?
मी कृष्णेच्या पाण्यावरून वजाबाकी करते.

प्रश्न अकरावा, वैवाहिक स्थिती.
मालन सनदी गप्प. हात चालूच,
गड्डा इकडे, कणी तिकडे.
मग म्हणते, "आठ वर्सं झाली बाई,
कुणाच्या दारात कपाळाला बोट लागलं न्हाई.
आन हितं बघा..."
आणि झटकते
कोपरापासून, भुवयांवरून, कानामागून.
मी 'विधवा'वर खूण करते.
धूळ कागदावर बसते. फुंकर मारायला वाकते
आणि थांबते.

तुलनेसाठी दुसरा गट हवा होता,
याच वस्तीतल्या, याच वयाच्या,
पण हळदीत कधीच न राबलेल्या चाळीस जणी.
तीन आठवडे हिंडले. सापडल्या सात.
त्यातल्या दोघी जाता जाता म्हणाल्या,
केलंय की, ल्हानपणी, आईसंगं.

यल्लव्वा ऐवळे सगळ्यांत शेवटी.
पहिली फुंक, रेघ उठली न उठली.
दुसरीला खोकला. पाणी. पुन्हा खोकला.
तिसरी मी घ्यायला नको होती,
पण नियम तीनचा आहे.

धाप ओसरल्यावर पडद्याकडे बघत ती म्हणाली,
"माजा बा हरिपुरात पेवांवर हुता.
पेव उघडलं की आदी दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील जळत ऱ्हायला तर माणूस उतरायचा.
इजला, तर त्या दिशी कुणीच न्हाई.
मालकबी उतर म्हनायचा न्हाई."

मग त्या रेघेवर बोट टेकवून,
"ह्यो इजलाय न्हवं?"

मी म्हटलं, रिपोर्ट जाईल. वर.
मास्कची शिफारस असेल, वर्षातून एकदा तपासणी...
"ते बरं हाय," ती म्हणाली. "पर उद्याच्याला?"
ड्रम थांबला होता.
मुकादम उद्याच्या पाळीची नावं घेत होता.
तिचं आलं.
"हाय," ती म्हणाली,
मघाच्या तिन्ही फुंकांपेक्षा मोठ्यानं.

उठताना तिनं एक नळी मागितली,
नातवाला पिपाणी करायला.
वापरलेली देता येत नाही.
कोऱ्या मोजून आलेल्या असतात.
दिली.

रात्री मिरजेला आकडे भरत बसले.
आजच्या बायका बावीस, गेलेल्या नळ्या तेवीस.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना.
शिंक आली. रुमालाची घडी केली
आणि न बघताच
पर्समध्ये ठेवून दिली.